एक वार, दोन वार, देवाचं!

आमचे मालक चित्र आधी मागून बघायचे. कुणी कितीही कौतुकानं चित्र समोर धरलं तरी ते पालथं करायचे, चौकटीवर टिचकी मारायचे, कापडाचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वाळवी न्हाई. ठिवा." पुढच्या बाजूला काय रंगवलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. "पुडनं समदीच बरी दिसत्यात, बाई. मानसं बी आन् चित्रं बी."

बाई म्हणजे मी. चित्रकलेची पदविका घेऊन मी भोरला परत आले होते आणि शाळेत जागा निघायची वाट बघत होते. जागा निघत नव्हती. तेवढ्यात कळलं की शिवऱ्यात, हायवेला लागून, एक लिलावगृह आहे आणि तिथे चित्रांची माहिती लिहिणारं माणूस हवंय. चित्रांचा लिलाव, तोही शिवऱ्यात! मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. जाऊन पाहिलं तर पत्र्याची भलीमोठी शेड आणि तिच्यावर पाटी, 'फाईन आर्ट लिलावगृह. पार्किंग व चहाची सोय.' कामथडीकडचे लोक ती पाटी वाचून आत डोकावायचे आणि विचारायचे, "फाईन कशाचा? कुनी लावला?"

मालकांना सगळा गाव आबा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. पांढरा लेंगा, वर काळं जाकीट, खांद्यावर पंचा. लिलावाच्या दिवशी जाकिटाला गुलाबाचं फूल, तेही प्लास्टिकचं, कारण खरं फूल दुपारपर्यंत मान टाकतं आणि मग गिऱ्हाइकाचाही जीव खचतो असं त्यांचं म्हणणं होतं.

आबांचा आणि कलेचा संबंध भंगारातून आला. हायवे रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची जुनी घरं पाडली गेली. त्यांची दारं, खांब, तुळया आबांनी सरपणाच्या भावानं उचलल्या. मग हायवेवर हॉटेलं झाली आणि काल बांधलेलं हॉटेल पणजोबांच्या काळातलं दिसावं असं हॉटेलवाल्यांना वाटू लागलं. आबांनी त्यांना तीच दारं विकली. पुढे भोरच्या एका घरातून त्यांनी जुन्या तसबिरी आणल्या, सागवानी चौकटी काढून घेतल्या आणि आतली चित्रं शेडच्या मागे फेकून दिली. पुण्याचं एक गिऱ्हाईक लघवीला म्हणून तिकडे गेलं, त्यातलं एक चित्र उचलून घेऊन आलं आणि त्यानं चौकटीच्या कितीतरी पट पैसे देऊ केले. आबांना कला कळली ती त्या दिवशी, त्या जागी.

मग धंदा वाढला. थोरल्या मुलानं शेडला एसी बसवला. धाकट्यानं चित्रं आणायला बंद टेम्पो घेतला. थोरली सून पुण्यात व्यवस्थापन शिकून आलेली, तिनं फोनवरून बोली लावायची सोय केली आणि गिऱ्हाइकांना धरायला आकड्यांच्या छोट्या पाट्या करून आणल्या. सूनबाई हुशार होत्या. शेडमध्ये त्यांनी सगळं बदललं, फक्त आबांना बदलायचं राहून गेलं.

सूनबाईंनी आणलेला चकचकीत विलायती हातोडा आबांनी एकदाच आपटून पाहिला. "ह्येला आवाज न्हाई," म्हणाले आणि घरातून कपडे बडवायचं धोपाटणं घेऊन आले. त्यानंतर शिवऱ्यात लाखालाखांची चित्रं धोपाटण्यानं विकली गेली.

चित्रांची प्रतवारीही त्यांनी स्वतःच बसवली होती. आधी चित्रातली माणसं मोजायची. चारपाच असली तर ते 'भरल्यालं', एकच असलं तर 'सडं', आणि नुसताच निसर्ग असला तर 'रिकामं रान'. अमूर्त चित्राला ते 'इस्कटल्यालं' म्हणत. एकदा मुंबईहून एका विवस्त्र स्त्रीचं चित्र आलं. आबांनी ते पालथं केलं, वास घेतला, सुलटं केलं आणि खरोखर हळहळून म्हणाले, "गरिबी लई वाईट." त्या लिलावात सूनबाईंनी त्या चित्रापुरतं त्यांना चहा प्यायला बाहेर पाठवलं.

आबांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. तिथे भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर पंचा टाकायचा, दोघांनी त्याच्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला नुसता पंचा हललेला दिसतो. विकायचंच नसेल तर मूठ मिटून ठेवायची, की समोरचा समजतो आणि पुढच्या बैलाकडे जातो. आबांनी ही पद्धत चित्रांना लावली. मुंबईच्या एक गॅलरीवाल्या बाई आल्या तेव्हा आबांनी पंचा हातावर टाकून त्यांच्यापुढे धरला. चित्रं चाळताना बाईंचे हात धुळीनं भरले होते. त्यांनी त्या पंच्याला हात स्वच्छ पुसले आणि "थँक यू" म्हणाल्या. त्या गेल्यावर आबा कितीतरी वेळ मान हलवत होते. "पक्की हाय बाई. थांग म्हनून लागू दिला न्हाई."

आणि त्यांचा तो शेवटचा शब्द. गावच्या जत्रेत देवापुढच्या नारळाचा, साडीचा लिलाव पूर्वीपासून आबाच बोलत. त्या लिलावाची रीत वेगळी. ज्याची बोली सगळ्यात वर, त्यानं वस्तू लगेच घरी न्यायची आणि पैसे पुढच्या जत्रेला देवापुढे ठेवायचे. जमले नाहीत तर त्याच्या पुढच्या. कुणी लिहून घेत नाही, कुणी तगादा लावत नाही, आणि देवाचं बुडवायची कुणाची छाती होत नाही. 'तीन वार' म्हणायचं आबा टाळत. तीनचा आकडा त्यांना सोसत नसे. ते म्हणत, "एक वार... दोन वार... देवाचं!" की बोली पक्की.

शेडमध्येही तेच. एसीत बसलेल्या पुण्याच्या डॉक्टरांना, बिल्डरांना त्या शब्दाची मोठी मौज वाटे. अस्सल मातीतलं काहीतरी ऐकलं म्हणून ते मोबाईलवर चित्रीकरण करून नेत. सूनबाई कळवळून सांगायच्या, "आबा, देवाचं कसं? आपलं आहे ते."

"तोंडातनं त्येच येतं, पोरी. जुनी जीभ हाय."

हे सगळं एवढं सांगायचं कारण म्हणजे वेल्ह्याकडच्या पासली गावच्या मावशी.

भोरला एक चित्रकलेचे शिक्षक होऊन गेले. सुट्टीच्या दिवशी वेल्ह्याकडच्या गावांतून हिंडायचे आणि माणसं रंगवायचे. हयातीत त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या पुतणीच्या माळ्यावर ती सगळी चित्रं पडून होती, ती आबांनी चौकटींच्या भावानं घेतली. मी ती एकेक पुसून काढली आणि त्या दिवशी जेवायचं विसरले, इतकी ती चांगली होती. त्यातलं सगळ्यात चांगलं म्हणजे भातलावणीतली एक बाई. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी, पाठीवर पावसासाठी पानांचं इरलं, हातात रोपांची जुडी. डाव्या भुवईवर चिरल्याची खूण. आणि चेहऱ्यावर अस्सा राग, की चित्र काढणाऱ्याला ती आता चिखल फेकून मारणार. मी माहितीपत्रकात त्याचं नाव 'इरलेवाली' असं लिहिलं.

आबांनी चित्र पालथं केलं. वाळवी नव्हती. मग सुलटं केलं आणि तोंड वाकडं केलं. "सडं हाय. वर रागावल्यालं. असलं इकत न्हाई." त्यांनी नाव बदलून 'मावळसुंदरी' केलं, त्याचा घराएवढा मोठा फ्लेक्स छापून घेतला आणि हायवेच्या कडेला लोखंडी सांगाड्यावर चढवला.

त्याच हायवेनं पासलीच्या मावशी एसटीतून पुण्याला नातवाच्या बारशाला निघाल्या होत्या. त्यांनी खिडकीतून फ्लेक्स पाहिला आणि एसटी थांबवायला लावली. कंडक्टर काय काय बोलला असेल ते असो, पण दुपारी त्या पिशवीसकट आमच्या दारात उभ्या होत्या. मी बघतच राहिले. तोच चेहरा, तोच राग, इरलं तेवढं नव्हतं.

"ह्यो फोटू कुनी लावला?" त्यांनी विचारलं.

"म्या लावला," आबा म्हणाले. "का?"

"माजी आय हाय ती. सुंदरी काय म्हनता तिला? लाज न्हाई वाटत?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं कळलं. आई गेली तेव्हा मावशी लहान होत्या. घरात आईचा एकही फोटो नाही. एक मास्तर पावसात चित्र काढत बसायचा, त्याच्यामुळे लावणी खोळंबली म्हणून आई चिडली होती, एवढं त्यांना आठवत होतं. आईची भुवई शेळीच्या शिंगानं फुटली होती. "मला आता तिचं तोंड सपनात बी दिसत न्हवतं, बाई," त्या मला म्हणाल्या. "आज येष्टीतनं दिसलं."

मावशींनी चित्र मागितलंच नाही. त्यांना फ्लेक्स हवा होता. तुमचा लिलाव झाला की तो कापडी फोटो मला द्या, एवढंच म्हणणं.

आता, जुना फ्लेक्स म्हणजे काय? कुणीही देऊन टाकेल. पण आबा ते आबा. "फ्लेक्स पावसाळ्यात लाकडावर घालाया लागतो," ते म्हणाले.

"त्यो बी द्येनार न्हाई?"

"न्हाई. चित्रच पायजे आसंल तर लिलावात या की. लिलाव समद्यांना खुला हाय." हे त्यांनी थोरल्या मुलाकडे बघून, हसत हसत म्हटलं. मला त्यांचा तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आमच्या भैरोबाम्होरं व्हतो तसाच लिलाव?"

"तसाच," आबा छाती फुगवून म्हणाले. "आन् म्याच बोलतो."

"बरं," म्हणाल्या आणि पिशवी उचलून बारशाला गेल्या.

लिलावाच्या दिवशी खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून आबा आसपासच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आणायचे. रिकाम्या खुर्च्या बघून पुण्याचं गिऱ्हाईक हात आखडतं, हा त्यांचा सिद्धांत. त्या माणसांना वडापाव, चहा आणि दाखवायला हातात एकेक पाटी मिळे. सूचना एकच, "पाटी धरायची. वर न्हाई करायची." शिवरे, कामथडी, इकडून तिकडून आलेली ही मंडळी मागच्या रांगांत शहाण्यासारखी बसत आणि एसीत डुलक्या काढत. त्या दिवशी त्यांच्यातच, धुतलेलं नऊवारी नेसून, मावशी येऊन बसल्या. वडापाव वाटणाऱ्यानं त्यांच्याही हातात पाटी दिली.

इरलेवालीची बोली सुरू झाली. पुण्याचे एक बिल्डर आणि फोनवरचं कुणीतरी, अशी दोघांत चुरस. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "माजी त्येच्यावर!"

आबांना लांबचं नीट दिसत नसे आणि चारचौघांत चष्मा लावायची लाज. त्यांना एक वर झालेली पाटी दिसली, तेवढ्यावर ते खूश. बिल्डर वर गेले. "माजी त्येच्यावर!" फोन वर गेला. "माजी त्येच्यावर!" मावशी आता उभ्याच राहिल्या होत्या. देवाच्या लिलावात उभं राहूनच बोली लावतात. आबांना चेव आला. प्लास्टिकचं फूल हलायला लागलं, आवाज हायवेपर्यंत जायला लागला. सूनबाई खुणा करत होत्या, डोळे मोठे करत होत्या. आबांना वाटलं त्या शाबासकी देतायत, त्यांनी उलट डोळा मारला.

बिल्डरनी मागे वळून मावशींकडे पाहिलं. साधी नऊवारी, हातात कापडी पिशवी, आणि आकड्याची फिकीर नाही. ते शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "हिच्यामागे कुणीतरी फार मोठं आहे." आणि त्यांनी पाटी खाली ठेवली. फोनवाल्याला कुणीतरी तेच सांगितलं असावं. तोही गप्प झाला.

"एक वार!" आबा गरजले. "दोन वार! देवाचं!" आणि धोपाटणं असं आपटलं की डुलक्या घेणारे दचकून जागे झाले.

मावशी पुढे आल्या. आबांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"द्या," मावशी म्हणाल्या.

सूनबाई कसंबसं म्हणाल्या, "पेमेंट कसं करणार, मावशी?"

"जत्रंला."

सूनबाई थोरल्याकडे बघू लागल्या. मावशींना वाटलं यांना ऐकू आलं नाही. त्या समजावून सांगितल्यासारख्या म्हणाल्या, "देवाचं म्हनलं न्हवं ह्यांनी? मंग भैरोबाला दीन की. दर साली थोडं थोडं. माज्या हयातीत न्हाई फिटलं तर पोरगं फेडंल. आयसाठीचं हाय, बुडवायची न्हाई म्या. ह्यांनीच सांगितलं, देवाम्होरं व्हतो तसाच लिलाव."

पुण्याची मंडळी हसायला लागली. मागच्या रांगा मात्र हसल्या नाहीत. तिथल्या प्रत्येकानं जत्रेत बोली लावलेली होती, प्रत्येकाच्या घरात देवाचा नारळ आलेला होता. एक म्हातारा वडापावचा कागद खिशात घालत उठला आणि म्हणाला, "बाय बरूबर बोलती. देवाचं म्हनला न्हवं, आबा?"

"व्हय, म्हनला," दुसरा म्हणाला. "आमी ऐकलं."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. स्वतःच्या टेम्पोनं आणलेली, स्वतःच्या पैशानं वडापाव खाल्लेली माणसं. थोरला पुढे होऊन म्हणाला की हा लिलाव रद्द, पुन्हा बोली लावू. आबा कपाळावरचा घाम पंच्यानं पुसत राहिले. पुढच्या जत्रेत हीच माणसं देवापुढे बसणार होती. आबांचं 'देवाचं' एकदा मागे घेतलं गेलं असतं तर पुन्हा त्या शब्दावर नारळसुद्धा कुणी उचलला नसता.

"द्या तिला," ते शेवटी म्हणाले. "पॅक करून द्या."

लोक अजून सांगतात, आबांचं मन मोठं. मी तिथे होते. आबा पुढच्या जत्रेला भ्याले होते, दुसरं काही नव्हतं. पण मावशी चित्र छातीशी धरून दाराबाहेर पडल्या तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या संध्याकाळी घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. पुढच्या लिलावाला मंचावर सूनबाई होत्या, हातात विलायती हातोडा, आणि शेवटी "सोल्ड". धंदा आणखी वाढला. आता पुण्यात शाखा आहे, तिथली पाटी इंग्रजीत आहे आणि चहाचा उल्लेख नाही. आबांची खाट मागच्या लाकडांच्या गोदामात गेली. त्यांच्या समोर, तुळयांवर पांघरलेला, इरलेवालीचा फ्लेक्स. झोपून उठले की ती त्यांच्याकडे रागानं बघायची.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "बाई, पासलीला जायाचं. टेम्पो काडाया सांगितलाय." टेम्पोत फ्लेक्सची गुंडाळी आधीच ठेवलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "बदली करायची. ह्यो मोटा हाय, ते बारीक. वर काय द्यायचं ते देतो. बाईमानसाला मोटं आवडतं." मी कपाळाला हात लावला आणि गाडीत बसले, कारण हे बघायला मिळालं नसतं तर जन्मभर हळहळले असते.

पासलीला मावशींनी आमचं अगत्यानं केलं. तांदळाची भाकरी, वरण, ताक. चित्र माजघरात, भाताच्या कणगीवर, दारातून उजेड येईल असं टांगलेलं. चौकटीवर आम्ही चिकटवलेली 'मावळसुंदरी'ची चिठ्ठी खरवडून काढली होती. जेवून झाल्यावर आबा उठले, सवयीनं चित्राच्या चौकटीला हात घातला आणि ते पालथं करू लागले. मावशींनी त्यांच्या हातावर फटका मारला.

"पाट काय बगताय? तोंड बगा की आयचं."

आबा खाली बसले. पहिल्यांदाच त्यांनी ते चित्र पुढून नीट पाहिलं, चष्मा लावून. बराच वेळ. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, हातावर टाकला आणि मावशींपुढे धरला.

मावशी बैलबाजार बघितलेल्या घरातल्या. त्यांनी पंच्याखाली हात घातला. पंचा थोडा हलला, थांबला. आबांच्या बाजूनं पुन्हा हलला, पुन्हा थांबला. मग मावशींनी हात काढून घेतला, उठल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला गेल्या.

निघताना आबांनी फ्लेक्स गाडीत घालायला सांगितला. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की हितं. आनलाय तर. भावाच्या घरी लावते, त्येची बी आय हाय." आबांच्या तोंडून हो निघालं की नाही मला ऐकू आलं नाही, पण फ्लेक्स तिथेच राहिला.

घाट उतरला. नसरापूरच्या अलीकडे मी न राहवून विचारलं, "काय म्हणाल्या मावशी? पंच्याखाली?"

"मूठच उगडली न्हाई," आबा म्हणाले. "दोनदा दाबून बगितली. न्हाई उगडली."

शिवऱ्याला टेम्पो थांबला. हायवेकडेला तो लोखंडी सांगाडा रिकामा उभा होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "फ्लेक्स बी गेला," म्हणाले. उतरताना त्यांनी टेम्पोच्या दारावर तळहात आपटला, धोपाटणं आपटावं तसा, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "देवाचं."